भोईरमामांचं ताजं औषध

आमच्या ठाकुर्लीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे भोईरमामा सत्तरी ओलांडल्यावरही काचेच्या गोट्या विकत घेतात. खेळायला नाही. त्या धुऊन-पुसून एका तपकिरी बाटलीत अलगद सोडतात. बाटलीत असतं कृष्णधवल फिल्म धुण्याचं डेव्हलपर. थोडं वापरलं की पातळी खाली जाते, वरच्या मोकळ्या जागेत हवा शिरते आणि त्या हवेने डेव्हलपर मरतं. म्हणून जेवढं काढलं तेवढ्या गोट्या आत. पातळी पुन्हा गळ्यापर्यंत आली की झाकण.

मामा डेव्हलपरला औषधच म्हणतात. आणि एकूण जगालाही त्यांचा सल्ला एकच, "हवा लागू देऊ नका." लोणच्याला, भांडणाला, नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्याला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून आरडाओरडा झाला, तेव्हाही कोपऱ्यातून म्हणाले, "झाकण लावा आता. फार हवा लागली."

माझं त्यांच्याशी जमत नव्हतं आणि त्याला कारण होतं. कल्याणला माझं बाटल्या-बरण्यांचं दुकान आहे. हातगाडीवरून वर आणलेलं, कुणाच्या उपकाराशिवाय. एकदा मामा तपकिरी बाटली घ्यायला आले. बाटलीत पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि भर दुकानात ती उलटी धरून उभे राहिले. गिऱ्हाइकं बघतायत. मी बघतोय. बऱ्याच वेळाने झाकणाखाली एक थेंब जमला.

"शेठ, ही श्वास घेते," म्हणाले, आणि बाटली काउंटरवर ठेवून चालते झाले. मागे उभ्या असलेल्या दोन बायका लगेच आपापल्या बरण्या उलट्या करून बघायला लागल्या. हे मी विसरणाऱ्यांतला नाही. जिन्यात मामा दिसले की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो.

पण गरज पडली ती मलाच. माझा मेहुणा वारला. टिटवाळ्याचं त्याचं घर आवरताना बायकोला एक जुना कृष्णधवल रोल सापडला. फोटो काढलेले, पण धुतलेला नाही. तिला आठवलं, आमचं दुकान उघडलं त्या दिवशी तिचा भाऊ कॅमेरा घेऊन आलेला. माझी आई तेव्हा होती. तिला मी गल्ल्यावर बसवलेलं. आमच्या भिंतीवर आईचा जो फोटो आहे, तो एका सरकारी कार्डावरून मोठा करून घेतलेला. त्यात ती कुणाची तरी चोरी पकडल्यासारखी बघते. आई तशी नव्हती. चोरी पकडायची, पण हसून. हसरी आई निघाली तर या रोलमध्येच निघणार होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

असले रोल आता कोण धुतं, म्हणत स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने तो हातातसुद्धा घेतला नाही. बायको म्हणाली, "अहो, मामा आहेत ना वर. दोन जिने चढायचे, त्यात कसला मान-अपमान?"

चढलो. मामांनी रोल उलटसुलट करून पाहिला. "कोण आहे आत?"

"आई. माझी."

त्यांनी तो लगेच स्वच्छ रुमालात गुंडाळला. "रविवारी या."

रविवारी गेलो तर म्हणे, पावडर कालच कालवलीय, अजून मुरायचीय. पुढच्या रविवारी नळाचं पाणी गरम, आणि घरातला बर्फ संपलेला. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी औषध पांढऱ्या बशीत ओतलं, खिडकीपाशी नेलं. "पिवळट वाटतंय ना?"

मला ते साध्या पाण्यासारखं दिसत होतं. मामांनी अख्खी बाटली मोरीत रिकामी केली.

मी धंद्यातला माणूस. गिऱ्हाईक गरजू दिसलं की माल आतच ठेवायचा, हे मी पण करतो. माझं टाळकं सरकलं. "मामा, काय घ्यायचं ते एकदाचं बोला."

"पैसे नको."

"मग ही नाटकं कशाला? तेव्हा दुकानात येऊन माझी इज्जत काढलीत, आता घरी बोलावून काढताय. द्या माझा रोल!"

मामांनी आतून रोल आणून माझ्या हातात ठेवला. मी दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला. "शेठ, माझा बापूस तसाच गेला."

मी थांबलो.

मामांचे वडील खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. मिठागर बंद व्हायच्या वेळी तरण्या मामांनी उसना कॅमेरा आणून त्यांचे फोटो काढले. मिठाच्या ढिगापाशी, फावडं घेऊन. "घरी अर्धी बाटली औषध उरलेलं," मामा म्हणाले. "जरा चहासारखं झालेलं. म्हटलं, नवीन कशाला कालवायचं, चालेल की. धुतली फिल्म. बाहेर काढली तर काचेसारखी कोरी. मीठ नाय, बापूस नाय, नुसती काच. म्हटलं, परत काढू. त्याच पावसाळ्यात तो गेला."

त्यांनी मोरीतली रिकामी बाटली उचलून विसळली. "माझे रोल मी कसे पण धुतो. तुमच्या आईला हात लावायचा धीर होत नाय."

मी परत आलो आणि स्टुलावर बसलो. रोल त्यांच्यापुढे ठेवला. "बिघडलं तर मी शिव्या देणार," म्हटलं. "पण आज करा."

मामांनी फडताळातून दुसरी बाटली काढली, काठोकाठ भरलेली. आधी फिल्मचा एक वाया गेलेला तुकडा त्यात बुडवला. तो बघता बघता काळा झाला. "जिवंत आहे," ते पुटपुटले. मग मापाच्या नळीसमोर गुडघे टेकून बसले. जेवढं औषध, तेवढंच पाणी. बाथरूमचं दार लावून, अंधारात चाचपडत रोल उजेड न शिरणाऱ्या डब्यात भरला आणि बाहेर आले. मला घड्याळ बघायला बसवलं. डब्यात औषध ओतलं आणि ते डबा हलवत राहिले. मी घड्याळाकडेच बघत राहिलो.

फिल्म निघाली. बरीचशी धुरकट. मामांनी ती ओली पट्टी खिडकीत धरली. एका चौकटीत गल्ल्यामागे बसलेली बाई होती. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, त्यामुळे आईचे केस पांढरेशुभ्र दिसत होते. तेवढी म्हातारी ती कधी झालीच नाही.

मामा माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत होते. "हसतेय," ते म्हणाले.

त्यांनी पट्टी वाळत टांगली. माझा हात खिशाकडे गेला, तसे ते वैतागले. "पैसे नको म्हटलं ना." मग जरा घुटमळले. "एक कॉपी मी ठेवली तर चालेल? भिंतीला. माझ्याकडे लावायला तसं कोण नाय."

आयुष्यात मी समोरच्याचा पहिला भाव कधी मान्य केलेला नाही.

"बारकी नको," मी म्हटलं. "मोठी काढा."