ग्रँबीला मागणी

आपल्या घरातल्या वस्तूची किंमत आपल्याला कधीच कळत नसते. ती शेजाऱ्याने मागितली की कळते. व्यावसायिक बास्केटबॉलने हे सत्य थेट नियमावलीतच घातलं आहे. तरुण खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो, पण अर्धाच. दुसऱ्या संघाने त्याला मागणी घालायची आणि जुन्या संघाने तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घ्यायचं. याला बरोबरीचा हक्क म्हणतात. (यात जुन्या संघाला विचार करावा लागत नाही. तो शेजाऱ्याने करायचा असतो.)

ही सोय मनापासून पटलेले गृहस्थ म्हणजे टोलेडो हेरन्सचे सहायक महाव्यवस्थापक रसेल प्रुइट. हेरन म्हणजे बगळा. आम्हा टोलेडोकरांच्या संघाला हे नाव कोणी दिलं ठाऊक नाही, पण प्रुइट कामावर आले आणि ते सार्थ झालं. एका पायावर उभं राहून वाट पाहण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. लग्नही त्यांनी याच पद्धतीने केलं. मॅरियन त्यांना कॉलेजपासून आवडायची. पण एका दाताच्या डॉक्टरने तिला मागणी घातली, तेव्हा कुठे प्रुइट यांनी त्याच आठवड्यात बरोबरीचा हक्क बजावला.

यंदा प्रश्न जोसाया ग्रँबीचा होता. वय तेवीस, हात लांब, बोलणं कमी. त्याला ठेवायचं की सोडायचं? प्रुइट यांनी अहवाल केला. त्यात ग्रँबीच्या उडीची उंची, झोपेचे तास, घोट्याचा घेर आणि केळी खाण्याचं साप्ताहिक प्रमाण होतं. निष्कर्षात एकच शब्द होता: होतकरू. (फार उपयोगी शब्द. पोरगा चमकला तर आपण म्हणालोच होतो. नाही चमकला तर चमकेल असं आपण कुठे म्हणालो होतो?) अहवालात एक गोष्ट मात्र नव्हती. नेम चुकला की ग्रँबी कपाळावर हात मारत उभा राहत नसे. सगळ्यांच्या आधी धावत मागे जायचा आणि आपली बाजू राखायचा. ते पाहताना प्रुइट यांना दर वेळी भरून यायचं. पण भरून येण्याला तक्त्यात रकाना नव्हता.

"अरे रसेल, ठेव ना पोराला," प्रशिक्षक हॉलिस बैठकीत म्हणाले. "चांगला आहे तो. डोळे आहेत ना तुला?"

"ते तुमचं मत झालं, कोच. मागणी कुठे आहे?"

मागणी नव्हतीच. बाकीच्या संघांनी हिशेब केला की टोलेडोवाले बरोबरी करून त्याला ठेवणारच, मग आपण कशाला तोंडघशी पडायचं? आणि टोलेडोवाल्यांनी, म्हणजे प्रुइट यांनी, हिशेब केला की कोणीच मागत नाही म्हणजे पोरात काहीतरी खोट असणार. सगळे बगळे एकाच तळ्याकाठी एकमेकांकडे बघत उभे होते आणि मासा मधोमध पोहत होता.

निर्णय कळवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ग्रँबी स्वतःच दारातून वाकून प्रुइट यांच्या खोलीत आला.

"सर, मला इथंच राहायचंय. आई इथं आहे. सरावाच्या हॉलमधली ती वाकडी रिंगसुद्धा आता आवडायला लागलीय. तुम्हाला मी हवाय की नकोय, एवढंच सांगा."

"बाजाराचा कल पाहता..."

"बाजाराला नाही विचारलं, सर. तुम्हाला विचारतोय."

'हवास' हा शब्द प्रुइट यांच्या अगदी ओठांवर आला होता. पण दुसऱ्या कुणाच्या दुजोऱ्याशिवाय असं विधान करणं पदाला शोभलं नसतं. त्यांनी त्याला एक केळं दिलं.

ग्रँबीने ते घेतलं, आभार मानले आणि तो गेला. पाच वाजता प्रुइट यांनी त्याच्यावरचा हक्क रीतसर सोडून दिला.

चहा संपायच्या आत बातमी आली की बॉइसीच्या संघाने त्याला उचललं. प्रुइट ताडकन उभे राहिले.

"बघा! आली मागणी! हिरा आहे हिरा! चला, बरोबरी करा!"

"कसली बरोबरी, बाबा?" हॉलिस म्हणाले. "हक्क आत्ताच सोडलास की तू."

बॉइसीवाल्यांची निवडीची पद्धत प्रुइट यांनी नंतर तपासली. ती अगदीच अशास्त्रीय निघाली. त्यांनी पोराचा खेळ पाहिला होता आणि त्यांना तो आवडला होता.

हिवाळ्यात बॉइसीचा संघ टोलेडोला खेळायला आला. ग्रँबीचा पहिलाच नेम चुकला आणि तो सगळ्यांच्या आधी धावत मागे गेला. सगळं स्टेडियम 'आपला पोरगा, आपला पोरगा' करत उभं राहिलं. (उन्हाळ्यात रेडिओला फोन करून 'त्याला कोण विचारतंय? सोडा!' असं कळवणारेही आम्हीच.) प्रुइटही उभे राहिले, पुढची रांग उठल्यावर. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढा आवडायचा, तर बोलला का नाहीस?" शेजारी उभ्या मॅरियनने विचारलं.

"कुणी विचारलंच नाही गं."

"त्याने विचारलं होतं ना."

प्रुइट यांनी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदाच, आजूबाजूला न बघता.

ही हकीगत आम्ही टोलेडोत कुठेही सांगितली की लोक प्रुइटना पोट धरून हसतात. फक्त हसण्याआधी एकदा शेजारच्याकडे बघून घेतात. तुम्ही एकटेच वाचत असाल, तर तुमची अडचण आम्ही समजू शकतो.