नळी डावीकडे काढा!

स्वयंपाकघरातली चिमणी काढून टाकायची, एवढंच मी ठरवलं होतं. माझी उंची सहा फूट चार इंच. चिमणीचा कोपरा बरोबर माझ्या भुवईला भेटायचा. चौथ्यांदा टाके घालताना डॉक्टरांनी "परत चिमणीच ना?" असं विचारलं (सहानुभूतीने नव्हे, चक्क हसत), आणि मी पेटलो.

दुकानदाराने इंडक्शन शेगडी दाखवली. काळीभोर काच, मधोमध जाळी. वाफ, धूर, वास, सगळं त्या जाळीतून खाली ओढलं जाणार आणि ओट्याखालच्या नळीतून घराबाहेर. "नाकाला पत्ता लागणार नाही," तो म्हणाला.

"वासच आला नाही तर भूक लागणार कशी?" माझी बायको रोसविथा म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. (लग्नाला बावीस वर्षं झाली. सराव आहे.)

नळी बसवायला आलेला कारागीर ओट्याखाली उताणा घुसला. बाहेर फक्त त्याचे बूट.

"नळी कुठे काढू?"

"डावीकडे!"

"माझ्या की तुमच्या?"

"डावं म्हणजे डावं! त्यात माझं-तुमचं काय?"

माझ्या डावीकडे आमची पालापाचोळ्याची पेटी. त्याच्या डावीकडे भिंतीपलीकडे आमचे शेजारी हेर (म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) ड्रेक्सलर यांचा बाक. हे निवृत्त स्टेशनमास्तर रोज संध्याकाळी तिथे बसतात. त्या बाजूला मी कधी फिरकत नाही, त्यामुळे भोक कुठे पडलं ते मला कळलंच नाही. घरात मात्र वासाचं नाव नाही! महिनाभर मी भेटेल त्याला ती शेगडी दाखवत सुटलो.

मी नगरपालिकेत नागरिकांच्या तक्रारी नोंदवतो. एका सोमवारी खिडकीसमोर हेर ड्रेक्सलर उभे.

"कसली तक्रार?"

"वासाची."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्या."

मी सरकारी माणूस. घाम पुसला आणि अर्ज पुढे ओढला. "वासाचं स्वरूप? सौम्य, तीव्र की असह्य?"

"असह्यच्या पुढे काही नाही?"

"नाही!"

"मग समासात लिहा."

"रोज येतो?"

"छे! बुधवारी आणि शनिवारी. बाकीचे दिवस म्हणजे स्वर्ग हो! गेल्या मंगळवारी मसूर शिजत होते, त्यात व्हिनेगरचा थेंब. मी कोरडा पाव घेऊन बाकावर बसलो आणि नुसत्या वासावर सगळा संपवला. पण बुधवारी कांदा जो करपतो, तो करपतो! माझी मांजर बहिणीकडे राहायला गेली."

बुधवारी आणि शनिवारी रोसविथाच्या गायनाच्या तालमी असतात. त्या दिवशी स्वयंपाक मी करतो.

"कांदा करपत नाही, खरपूस होतो!" मी ओरडलो. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. मी आवाज खाली आणला. "साक्षीदार आहे कुणी?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. खाली सही होती. रोसविथाची.

घरी जाऊन मी तो कागद टेबलावर आपटला. "तू? माझी लग्नाची बायको?"

"अरे, तालीम लवकर सुटली, म्हणून जरा बसले त्यांच्या बाकावर," ती शांतपणे म्हणाली. "ऑटमार, बावीस वर्षं मला वाटत होतं की आपल्या चिमणीतच काहीतरी बिघाड आहे!"

तक्रार आली म्हणजे पाहणी आलीच. शनिवारी आमच्या वरिष्ठ, फ्राउ (म्हणजे श्रीमती) आयखेलबर्ग, स्वतः बाकावर येऊन बसल्या. मी इरेला पेटलो होतो. जीव ओतून कांदा परतला, वर मांस घातलं, जाळीचा जोर पूर्ण वाढवला. आत मला काडीचाही वास येत नव्हता. भिंतीपलीकडून आधी एक खोकला ऐकू आला, मग दोन, मग बाक सरकवल्याचा आवाज आणि मग धावणारी पावलं.

सोमवारी आदेश निघाला: 'नळी नियमाप्रमाणे आहे, ती तिथेच राहावी. बुधवार व शनिवार या दिवशी स्वयंपाक करणारी व्यक्ती बदलण्यात यावी.'

"हे कुठल्या नियमात बसतं?" मी विचारलं.

"कशातच नाही," फ्राउ आयखेलबर्ग रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या. "पण अपील करायचं असेल तर जरूर करा. मी पुन्हा येणार नाही, एवढं मात्र नक्की."

आदेशावर शिक्का मारायचं काम माझं. माणसाने अन्याय किती सहन करायचा? मी तो शिक्का मुद्दाम उलटा मारला आणि माझा जाहीर निषेध नोंदवला.

अजूनपर्यंत तो कुणाच्या लक्षात आलेला नाही.