हाडमोड घाट, तहसील बुऱ्हाणपूर

स्वतःची ओळख करून देण्यापूर्वी भाईदास महाजन घसा साफ करत, चष्मा पुसत आणि समोरचा माणूस पळून जाण्याच्या बेतात नाही ना, हे एकदा बघून घेत.

"तापी आणि नर्मदा या दोन नद्यांच्या मध्ये जेवढी डोकी आहेत," ते म्हणाले, "त्यांतलं विचार करणारं डोकं सध्या तुमच्या दारात उभं आहे. माझे डोळे म्हणजे एक्स-रे. माझे कान म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. आणि माझं नाक..."

नाकापाशी ते थांबले, कारण त्यांना शिंक आली.

"भाईदासभाऊ, मी तुम्हाला चोवीस वर्षांपासून ओळखते," सुमनताई म्हणाल्या. "आत या ना."

भाईदासांच्या मागे वैजयंतीबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत एक भिंग, एक वही, पाण्याची बाटली आणि सर्दीच्या गोळ्या होत्या. बत्तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्याच संध्याकाळी नवऱ्याने त्यांना सहायक म्हणून नेमलं. विचारलं नव्हतं. भाईदास स्वतः पस्तीस वर्षं पटवारी होते, म्हणजे गावांच्या जमिनी मोजणारे तलाठी. बहादरपुरापासून इच्छापुरापर्यंत त्यांनी पायाखालून घातली नाही अशी शेताची मेर, असा बांध नव्हता. पण ते आता हे कुणाला सांगत नसत. गुप्तहेराला भूतकाळ नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आजवर त्यांच्याकडे दोन केसेस आल्या होत्या. पहिलीतली मांजर तपास चालू असताना स्वतःच घरी आली. दुसरी, इच्छादेवीच्या पायऱ्यांवरून चप्पल गेल्याची. ती सुटली तेव्हा चोरीची चप्पल गुप्तहेराच्याच पायात निघाली. त्या दिवशी वैजयंतीबाई सोबत होत्या म्हणून प्रकरण बोलण्यावर मिटलं. तेव्हापासून त्या सोबत जात.

आत खाटेवर शीतल बसली होती. सुमनताईंची ही मुलगी. तिचे डोळे रडून सुजले होते.

"काका, माझा नक्शा चोरीला गेला."

भाईदासांनी वैजयंतीबाईंकडे हात केला. त्यांनी हातावर भिंग ठेवलं.

"कुठल्या गावचा?"

"गाव नाही, काका. अख्खं जग. पण ते नाहीये."

"आत्ताच म्हणालीस चोरीला गेलं."

"तसं नाही. ते कुठेच नाहीये. मी बनवलंय."

मग शीतलने सगळं नीट सांगितलं. एक खेळ असतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर.

"चोर," भाईदास म्हणाले. "वैजयंती, लिहून घे."

पुढे काय होणार, ते फासे टाकून ठरतं. शीतल गेली तीन वर्षं दर रविवारी अशी गोष्ट सांगत होती. त्या गोष्टीतली दोन राज्यं, घाट, किल्ले, जंगलं तिने एका मांजरपाटावर काढली होती. छोट्या चादरीएवढा नक्शा. पुण्याच्या एका कंपनीला तो इतका आवडला की त्यांनी मराठीतून तसा खेळच काढायचं ठरवलं. त्यासाठी तिने शाळेतली कॉम्प्युटरची नोकरी सोडली आणि चार महिने खपून नक्शा पूर्ण केला. छपाईला मूळ कापडच हवं होतं. कंपनीच्या चारुलता मॅडम आज रेल्वेने दिल्लीला चालल्या होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी बुऱ्हाणपूरला दोन मिनिटं थांबणार होती. शीतलने फलाटावर नक्शा द्यायचा, त्यांनी दारातून घ्यायचा, असं ठरलं होतं.

"नाही दिला तर ते इंदूरच्या एकाचा नक्शा घेणार आहेत," शीतल म्हणाली. "पप्पा म्हणतात, मग शाळेत जाऊन माफी माग."

वैजयंतीबाईंनी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता.

शीतलने मोबाईलवर नक्शाचा फोटो दाखवला. भाईदासांनी मोबाईलवर भिंग धरलं.

"हाडमोड घाट. मुकी नदी. भुकेलं जंगल. तिसऱ्या सुनेचा किल्ला." त्यांनी मान वर केली. "ही गावं कुठल्या तहसिलीत येतात?"

"कुठल्याच नाही, काका."

"असं गुन्हेगाराला वाटावं, अशी तुझी इच्छा आहे. हुशार आहेस. हा किल्ला म्हणजे असीरगड. ही नदी म्हणजे तापी. आणि तिसऱ्या सुनेकडे खजिना आहे."

"अहो, ती म्हणतेय ना की तिने बनवलंय," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"बनवणाऱ्याला नेहमी असंच वाटतं."

सगळे गच्चीवर गेले. काल शीतलने नक्शा तिथेच दोरीवर वाळत घातला होता. सकाळी नऊला तो होता, बाराला नव्हता. भाईदास दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. दोरी रिकामी होती. शेवटच्या चिमट्यापाशी त्यांनी हुंगून पाहिलं. मग खाली वाकून एका टपातलं तपकिरी पाणी हुंगलं.

"चहा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "निदान बारा कप. म्हणजे टोळी. चोरी करण्यापूर्वी इथे बसून चहा घेण्याइतकी निर्ढावलेली टोळी."

"काका, तो मीच केला होता. कापड चहात बुडवलं की जुनं दिसतं."

"तू स्वतःच पुराव्यावर चहा ओतलास?"

"तेव्हा तो पुरावा नव्हता ना, काका."

कोपऱ्यात केळ्याचं साल पडलं होतं. भाईदासांनी ते चिमटीत धरून उन्हात फिरवलं. "केळं बहादरपूरचं. चोर बहादरपूरचा."

"बुऱ्हाणपुरात दुसरं कुठलं केळं मिळतं हो?" वैजयंतीबाईंनी विचारलं. "आणि बहादरपुरात एवढी हजारो माणसं आहेत. त्यांतली निम्मी तुम्हाला अजून पटवारीसाहेब म्हणतात. कुणाकुणाला विचारणार?"

भाईदासांनी साल ठेवून दिलं. पटवारी हा शब्द त्यांना आवडला नव्हता.

"या खेळात तुझं कुणाशी वैर?" त्यांनी शीतलला विचारलं.

शीतल जरा घुटमळली. "वैर असं नाही. पण मागच्या रविवारी मी हर्षलला मारलं."

भाईदासांच्या हातातलं भिंग खाली आलं. सुमनताई चटकन म्हणाल्या, "खेळात हो, भाऊ. पोरगा धडधाकट आहे. शनवारा भागात मोबाईलच्या दुकानात बसतो."

जेवल्याशिवाय सुमनताईंनी सोडलं नाही. त्यामुळे भाईदासांच्या आयुष्यातली पहिली खुनाची चौकशी अडीच वाजता सुरू झाली. हर्षल एका उघड्या मोबाईलमध्ये स्क्रू बसवत होता. भाईदास समोरच्या स्टुलावर बसले.

"तुझा खून कधी झाला?"

"पिछले संडे, काका. साडेपाच वाजले असतील."

"कुणी केला?"

"ड्रॅगनने. मला फक्त चार पाहिजे होते, फाशावर एक पडला."

"मेल्यानंतर तू काय केलंस?"

"चहा प्यायलो. मग घरी गेलो."

"मनात राग होता?"

"थोडा होता. दीड साल का कॅरॅक्टर था. पण आता नवीन बनवलंय, वैद्य आहे. क्या हुआ, काका?"

वैजयंतीबाईंनी सांगितलं. हर्षलने स्क्रू खाली ठेवला.

"काकू, त्या नक्शावर मुकी नदीच्या काठी माझी समाधी आहे," तो म्हणाला. "तिने काढून दिली होती. मी रडलो होतो, म्हणून. मैं क्यों चुराऊँगा?" मग त्याने दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. सकाळपासून तो तिथेच बसला होता, फक्त एकदा जांभई द्यायला उठला होता.

बाहेर आल्यावर भाईदास म्हणाले, "मेलेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला यादीतून काढ." आणि ते शनवारा गेटाच्या दिशेने झपाझपा चालू लागले. त्यांना आता इंदूरच्या त्या चित्रकाराचा संशय आला होता. त्यासाठी इंदूरला जायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी बसची वेळ बघायला हवी होती.

वैजयंतीबाई मागे राहिल्या. गेटाजवळ सोजरबाईची इस्त्रीची गाडी होती. तिच्याभोवती आज दहा-बारा माणसं जमली होती, आणि भाईदास त्या गर्दीतूनच "सरका, तपास चालू आहे" म्हणत पलीकडे गेले होते. गर्दीतला एक रिक्षावाला दुसऱ्याला सांगत होता, "अरे, ये अपना असीरगड का रास्ता है. हा घाट बघ."

"पण नदीचं नाव मुकी लिहिलंय."

"लिखने वाले की गलती है. तापीच आहे ती."

वैजयंतीबाईंनी टाचा उंचावल्या. गाडीमागच्या तारेवर, कडक इस्त्री केलेला, हाडमोड घाट लटकत होता.

"सोजरबाई, हे तुमच्याकडे कसं?"

"सुमनताईच्या गच्चीवरून आणलं ना," सोजरबाई इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. "दर इतवारी दहाला मागच्या जिन्यानं जाते, दोरीवरचे कपडे काढून आणते. आज ही चादर बी होती. चित्र लय बारीक काढेल हाये, घडी पडली असती, म्हणून टांगून दिली. चहाचे डाग मात्र निघाले नाही, बाई. त्यायले सांगा."

वैजयंतीबाईंनी आधी शीतलला फोन केला. मग सुमनताईंना विचारलं, की सकाळपासून घरी कुणी आलं होतं का. सुमनताई म्हणाल्या, कुणीच नाही. सोजरबाई तेवढी आली असेल, पण ती तर दर रविवारी येते.

भाईदास बसची वेळ न विचारताच परत आले होते. गर्दीत शिरून ते नक्शासमोर उभे राहिले. एक म्हातारा त्यांना आपल्या मुलीचं सासर यात कुठे आहे, ते विचारत होता. त्यांनी भिंग खिशात घातलं, आणि उजव्या हाताचं बोट कापडापासून केसभर दूर ठेवून दोन्ही राज्यांच्या हद्दीवरून हळूहळू चालवायला सुरुवात केली. घाटावरून जंगलापर्यंत, जंगलातून नदीपर्यंत. वैजयंतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. असं बोट चालताना त्यांनी कितीतरी वर्षं घरच्या टेबलावर पाहिलं होतं. तेव्हा नवरा एकही भलता शब्द बोलत नसे.

शीतल धापा टाकत आली, मागून सुमनताई. शीतलने कापडाला गालच लावला.

"बेटा," भाईदास हळू आवाजात म्हणाले, "उत्तरेच्या राज्याची हद्द इथे नाल्यापाशी संपते. दक्षिणेची टेकडीपासून सुरू होते. मधला हा पट्टा कुणाच्याच हद्दीत बसत नाही. तो कुणाचा?"

शीतलने पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "हद्दीवरूनच तर युद्ध होतं सगळं," ती म्हणाली. "मॅडमनी तीनदा बजावलं होतं, हद्दी तपास म्हणून. आता रेघ ओढली तर टेकडीवरून जाईल, सगळं बिघडेल."

सव्वातीन वाजून गेले होते. सोजरबाईने इस्त्री उभी केली.

"कोणाचीच नाही ती जागा?"

"कागदावर कुणाचीच नाही," भाईदास म्हणाले.

"मग तिथं कोणीतरी राहतच असंल," सोजरबाई म्हणाली. "मी नाही का? गेटवाले म्हणता, ही जागा रोडची. रोडवाले म्हणता, गेटाची. वीस साल झाले. दोघायचे कपडे मीच प्रेस करते."

शीतलने तिच्याकडे पाहिलं, मग नक्शाकडे. पिशवीतून तिने पेन काढलं. सोजरबाईने गाडीवरचे शर्ट बाजूला सारून जागा करून दिली. दहा मिनिटांत त्या पट्ट्यावर एक लहानसं खोपटं उभं राहिलं. दारात निखाऱ्यांची इस्त्री, एका दोरीवर उत्तरेच्या सैनिकांचे अंगरखे, दुसरीवर दक्षिणेच्या. शाई वाळावी म्हणून सोजरबाईने त्यावर कापड ठेवून एकदा इस्त्री फिरवली.

शाई वाळली. वैजयंतीबाईंनी शीतलला मागे बसवून दुकानापाशी ठेवलेली आपली स्कूटर अशी काढली की शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी बघितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. भाईदास रिक्षाने मागून निघाले. गाडी वेळेवर होती. डब्याच्या दारात उभ्या असलेल्या चारुलता मॅडमनी तिथेच कापड उलगडलं, आणि त्यांच्या मागे उतरू पाहणारे दोघे जण तसेच थांबले.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचं बोट थांबलं. "हे घर काय आहे? आपल्या यादीत नव्हतं."

शिट्टी झाली. गाडी हलली. शीतल दाराबरोबर चालू लागली, मग पळू लागली.

"इस्त्रीवाली आहे, मॅडम. दोन्ही राजांचे कपडे तिच्याकडे असतात."

मॅडम काहीतरी म्हणाल्या, ते गाडीच्या आवाजात कळलं नाही. शीतल फलाटाच्या टोकाशी उभी राहिली. वैजयंतीबाईंनी तिला पाण्याची बाटली दिली. पाच मिनिटांनी मोबाईलवर मेसेज आला. वाचून शीतल हसायला लागली आणि मध्येच रडायलाही.

तेवढ्यात भाईदास पोहोचले. रिक्षावाल्याने वाटेत त्यांना तिसऱ्या सुनेबद्दल विचारलं होतं, म्हणून उशीर झाला होता.

"केस सुटली," त्यांनी जाहीर केलं. "सोजरबाईवर माझा पहिल्यापासून संशय होता."

"हो," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"काका," शीतलने मोबाईल पुढे केला, "मॅडम विचारतायत, इस्त्रीवाली खेळात ठेवतोय, पण युद्ध झाल्यावर ती जागा कुठल्या राजाला जाते? नियमात लिहायला पाहिजे म्हणाल्या."

भाईदासांनी चष्मा पुसला.

"लिही," ते म्हणाले. "जागा वादात आहे. मोजणी बाकी आहे. मोजणी होईपर्यंत ताबा बाईचा. दोन्ही राजांनी कपडे वेळेवर न्यावेत."