लिंबावरचे डाग

दुर्गाबाईंनी बी लावून वाढवलेल्या लिंबाच्या पानांवर खरबरीत डाग पडलेत हे किसनरावांना कळलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. नावड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत तिच्या हातचं जिवंत तेवढंच उरलं होतं.

कृषी कॉलेजातल्या पुतणीला, अस्मिताला, त्यांनी फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"काका, हा खैऱ्या. जिवाणूंचा रोग."

"झाड जगेल ना?"

"झाडाची स्वतःची ताकद असते, जागी करावी लागते. कोळंबीच्या टरफलातून एक पदार्थ काढतात. तो फवारला की झाडाला वाटतं शत्रू आला, मग ते आधीच तयारीत बसतं. मी काय करते..."

पुढचं ऐकायला किसनराव होतेच कुठे? ते शेजारी कोळंबी सोलत बसलेल्या भागीरथीबाईंच्या दारात पोचले होते.

"टरफला? न्या की भाऊ, पिशवीभर हाय. पन करनार काय?"

"हिचं झाड आजारी पडलंय."

"मंग सगलीच न्या."

किसनरावांनी टरफलं बादलीत भिजवली, झाकण घालून उन्हात ठेवली. दोनेक दिवसांनी अर्क उतरला असेल म्हणून झाकण काढलं. तेवढ्यात खालून सोसायटीचा सेक्रेटरी कमळाकर ओरडला, "गॅस सुटलाय! खाली या सगळे!"

तळोज्याचे केमिकलचे कारखाने शेजारी असल्यावर दुसरं काय मनात येणार? माणसं नाकाला ओले टॉवेल लावून जिने उतरली. किसनरावही बादली उघडी टाकून धावले. अग्निशमनवाले आले, हुंगत वर गेले आणि बादली लांब धरून खाली आले.

"ही कुणाची?"

किसनरावांनी रुमाल खाली घेतला. "माझी. झाडाचं औषध आहे."

"काय किसनभाऊ, अख्खी बिल्डिंग खाली आणली तुमी!" कमळाकर भडकला. "फेका ते झाड, कुंडीसकट!"

"बादली फेकतो. झाड नको. हिनं लावलंय."

"टरफला मी दिली," भागीरथीबाई पुढे झाल्या. "बोलाचा त मना बोला."

कमळाकरनं स्वतःच बादली उचलली आणि कचराकुंडीकडे नेली.

फोनवर अस्मिताला हसू आवरेना. "काका, ते लॅबमध्ये काढतात! रविवारी आणणारच होते मी. झाड राहिलं बाजूला, तुम्ही सोसायटीलाच जागं केलंत!"

संध्याकाळी कमळाकर कात्री घेऊन दारात उभा. "डागाची पानं काढायची असतात म्हणे. कोणती?"

दोघं गॅलरीत बसून पानं कापत राहिले. अंधार पडल्यावर उठले. वरच्या फांद्या राहिल्या आहेत. फवारणीही व्हायची आहे.