आखाजीची मोटार

आमच्या गल्लीतले गोविंदनाना माणसांशी अहिराणीत बोलत आणि मोटारीशी शुद्ध पुस्तकी मराठीत. मी अंगणात शिरलो तर "ये बापू, बठ" एवढ्यावर माझं भागे. मोटारीचं बॉनेट उघडताना मात्र नाना आधी घसा साफ करत. "कालची रात्र कशी गेली? काही विशेष त्रास? बरं, तपासतो." आणि डॉक्टरसाहेबांनी टाकून दिलेली स्टेथोस्कोपची नळी कानाला लावून ते इंजिनावर वाकत.

यात वेड काही नव्हतं. नाना धुळ्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरसाहेब रोग्यांशी ज्या भाषेत बोलत, ती नानांच्या मते आजारी जिवांसाठीच होती. धडधाकटांना अहिराणी पुरे.

मी स्वतः आतल्या गाठीचा माणूस. कोणाबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं तरी आपण त्याच्या घरातलं काही उचलून आणतोय असं मला वाटतं, म्हणून हे इतके दिवस लिहिलं नाही. नाना वाचतील अशी भीती मात्र नाही. औषधाच्या लेबलाखेरीज ते काही वाचत नाहीत.

मोटार त्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. कुण्या कापसाच्या जिनिंगचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती टाकून गेला होता. नानांनी ती बैलजोडी लावून घरी ओढत आणली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत नानांनी मोटारीला हात लावला नाही. "बाळंतीण शे," म्हणाले.

आता या माणसाला मोटार कशाला हवी होती ते सांगतो. खानदेशाबाहेरच्या वाचकाला आखाजी म्हणजे नुसती अक्षय्य तृतीया वाटेल. इथे तो सासुरवाशिणीचा सण. चैत्र सरत आला की गावोगावचे भाऊ मुराळी होऊन निघतात, बहिणीला माहेरी आणतात. मग झोके, गाणी, आमरस, आणि मुख्य म्हणजे चार दिवस कामाला हात लावायचा नाही. ज्या बाईला मुराळी येत नाही ती त्या दिवसांत विहिरीवर जायचंसुद्धा टाळते.

नानांची थोरली बहीण सरूअक्का सोनगीरला दिलेली. आई होती तोवर नाना दरसाल भाड्याची गाडी करून तिला आणत. आई गेली, नानांनी लग्न केलेलं नव्हतं, आणि त्या वर्षीच्या आखाजीला ते असे उशिरा आणि असे पायी पोचले की अक्काची सासू ओट्यावरून म्हणाली, "इतला उशीर? आम्हले वाटनं, सरूना भाऊ मोटार लई येवाव शे."

नाना दारात उभे होते. तोंडावर धूळ, हातात पायताण. ते म्हणाले, "हो मावशी. पुढला आखाजीले मोटारच आनसू." आणि पाणीसुद्धा न पिता, अक्काला न घेताच परत फिरले.

पुढली आखाजी आली. मोटार लिंबाखालीच. तिच्या पुढलीही आली, आणि अशा बऱ्याच गेल्या. बोललेला शब्द पुरा केल्याशिवाय सोनगीरची वेस ओलांडायची नाही असं नानांनी धरलं होतं, आणि तिकडे अक्काचं माहेर बंद पडलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून चेष्टासुद्धा जपून चाले.

"काय नाना, पेशंट उठना का?" कोणी जाता जाता विचारी.

"उठना नही. पन कूस बदलनी," नाना मोटारीखालून सांगत.

इंजिनाचं दुखणं तसं लवकर बरं झालं. खरं घोडं अडलं ते पेट्रोलच्या नळीत. टाकी पुढच्या सीटखाली, तिथून उताराने पेट्रोल इंजिनाशी कार्बोरेटरपर्यंत जायचं. मूळची नळी गंजून गेलेली. नानांनी पहिली नळी जोडली ती दवाखान्यातली, एनिमाच्या भांड्याची लाल रबरी. घट्ट बसली, थेंब गळला नाही. नाना खूश होऊन झोपले. सकाळी पाहतो तर अजगराने कोंबडी गिळावी तशी ती नळी फुगलेली, आणि बोट लावलं की काकवीसारखी तार निघतेय. पेट्रोलने रबर खाल्लं होतं.

नानांनी ते बराच वेळ पाहिलं. मोटारीला म्हणाले, "सूज आहे. हे तुम्हांला मानवत नाही. बदलून देतो."

मग तांब्याची नळी आली. ती वाकवताना चेपू नये म्हणून पांझरा नदीची बारीक वाळू चाळून आत ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाच्या खुंट्या मारायच्या, विस्तवावर लाल करायची आणि वरवंट्याभोवती हळूहळू वळवायची. हे तांबटाने शिकवलं. तांबट एवढंही म्हणाला, की नाना, ही नळी धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या नळाला लागून नेऊ नका, वळसा घाला.

"आतडं जितलं आखूड तितलं पचन चांगलं," नाना म्हणाले, आणि नळी सरळ वाटेने तापत्या नळाशेजारून नेली.

सांधे गळत. नाना त्यावर साबण चोळून जाळीदार पट्टी बांधत, दवाखान्यात बांधतात तशी, शेवटी गाठ बाजूला घेऊन. "जखम ओली आहे, हलवू नये," अशी ताकीद मोटारीला असे. शेवटी औषध खलायच्या बत्त्याने त्यांनी नळीचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं फुलवलं, त्यावर पितळी नट बसवला, आणि गळणं थांबलं. लढाईचे दिवस होते, पेट्रोल कूपनावर. त्यामुळे तपासणीला मिक्श्चरच्या बाटलीतून पेट्रोल घालायचं. बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. "एक डोस," नाना म्हणत, आणि खरोखर एकाच खुणेपर्यंत ओतत.

मी दर रविवारी तिथे असे. पाना धरायचा, कंदील धरायचा, नानांच्या बडबडीला हुंकार द्यायचा. माझ्या घरी तेव्हा बोलणं फारसं उरलेलं नव्हतं, याहून जास्त लिहीत नाही. एवढं मात्र आज मोकळेपणाने लिहितो: ती मोटार सुरू होऊ नये असं मला वाटे. सोनगीरला एक बाई वाट पाहत होती हे ठाऊक असूनही वाटे.

मोटार सुरू झाली ती आखाजीच्या आदल्या दिवशी. अंगणातल्या कोंबड्या लिंबावर चढल्या. नाना हँडल हातात धरून तसेच उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बापू, टोपी घाल. आपले निघनं शे."

डॉक्टरसाहेबांनी आपल्या वाट्यातला पेट्रोलचा एक डबा दिला होता. जाऊन येऊन जेमतेम पुरेल इतकाच. आग्रा रोडवर बैलगाड्या भरभरून येत होत्या, आत माहेरवाशिणी, पुढे मुराळी. नाना प्रत्येक मुराळ्याला हात करत.

निम्मी वाट झाली, ऊन डोक्यावर आलं, आणि मोटार दोन आचके देऊन थांबली. टाकीत पेट्रोल होतं, सांधे कोरडे होते. नानांनी नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तापत्या नळाला चिकटून गेलेली ती तांब्याची नळी अशी पोळत होती की आतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ कोंडली होती. तांबटाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

एक गाडीवाला बैल थांबवून म्हणाला, "नाना, बठा ना मना गाडीवर. तुमनी बहीनले लई येऊ."

नानांनी नकारार्थी मान हलवली. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी समोर दिसत होती. माझ्या मनात आलं, हा माणूस आता इथूनही परत फिरेल.

मग त्यांनी डोक्याचं पागोटं सोडलं. फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, आमच्या फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या, आणि तापकऱ्याच्या कपाळावर ठेवतात तशा एकेक घडी नळीवर ठेवत गेले. सुकली की बदलायची. तोंडाने चालू, "उतरेल. ताप आहे, उतरेल. घाबरायचं नाही." प्यायचं सगळं पाणी नळीने प्यायलं. गाडीवाल्याने आपली पखालही दिली. नळी निवली, आणि मोटार पुन्हा लागली.

सोनगीरला पोरांचा घोळका घेऊनच आम्ही दारात पोचलो. सासूबाई ओट्यावर होत्या, पण आता त्यांना दिसत नव्हतं आणि मोटारीवरून मारलेला टोमणा तर आठवतही नव्हता. "कोन शे? कोन उनं?" एवढंच त्या विचारत राहिल्या. नाना बोडक्या डोक्याने समोर उभे. ज्या उत्तरासाठी एवढा खटाटोप, ते ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

सरूअक्का बाहेर आली. केस पांढरे झालेले. तिने मोटारीकडे पाहिलंच नाही. भावाच्या डोक्याकडे पाहिलं.

"पागोटं कोठे शे रे तुनं?"

येताना ती पुढे नानांशेजारी बसली, मी मागे. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मोटारकरता थांबना का तू? पायी उना असता तरी चालनं असतं."

नानांनी एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, "मोटारनं निमित्त व्हतं, अक्का. घरमा कोन शे? माय नही, बाई नही. तू येशी आन चूल थंडी देखशी. त्यापेक्षा मोटार दुरुस्त व्हई नही राहिनी, असं सांगाले सोपं."

दर कोस-दीड कोसाला मोटार थांबे, आणि अक्काच खाली उतरून नळीवरच्या घड्या बदली.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मोटार लागेल की नाही ते ठाऊक नसतानाही नानांनी पहाटेच सगळी तयारी करून ठेवली होती: आंबे पाण्यात घातलेले, लिंबाला झोका टांगलेला, शेजारच्या घरी पोळ्यांचं सांगून ठेवलेलं. अक्का झोक्याजवळून तशीच आत गेली.

"अक्का, कामले हात लावू नको. आखाजी शे," नाना बाहेरून ओरडले.

आतून फुंकणीचा आवाज आला. मग तांब्या घंगाळावर आपटला, डबा उघडला, तव्यावरची राख झटकली गेली.

मी तिला थांबवायला आत निघालो. नानांनी माझा दंड धरला.

"थांब जराखा," ते हळूच म्हणाले. "वाजू दे."