सराव खटल्यातला पंखा

सनद मिळाली म्हणून वकिली येतेच असं नाही, ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आल्यावर नव्या वकिलांसाठी ‘न्यायालयीन कौशल्य प्रात्यक्षिक वर्ग’ सक्तीचा करण्यात आला. कोर्टात उभं कसं राहावं, उलटतपासणी कशी घ्यावी, न्यायाधीश डुलकी घेत असताना युक्तिवाद कोणत्या पट्टीत करावा, हे सगळं तिथे शिकवलं जाई. वर्ग खराखुरा वाटावा म्हणून आरोपीचा पिंजरा खरा होता, शिक्का खरा होता, दाराशी उभा हवालदारही खरा होता. खोटा होता तो फक्त गुन्हा.

शेवटची परीक्षा म्हणजे सराव खटला. आरोप असा, की सभागृहातला छताचा पंखा चोरीस गेला. बचावाची बाजू एका नवख्या वकील मुलीकडे आली. ही मुलगी घरी बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावून घेत. कोर्टात मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. म्हणून वर्गात तिचं नाव पडलं होतं पुटपुटी. तिच्यासमोर सरकारी वकील म्हणून उभा होता तो कर्णा. त्याच्या नावाचा खुलासा करण्याची गरज नाही.

आरोपीचं काम करणारा गृहस्थ ऐनवेळी आलाच नाही. तेवढ्यात पुटपुटीचे मामा आत शिरले. मामा शिंपी. भाचीच्या काळ्या गाऊनची उसवलेली बाही शिवून, गळ्यातली टेपसुद्धा न काढता ते धावत आले होते.

“बसा,” न्यायासनावरून वर्गाचे संचालक म्हणाले. ते निवृत्त न्यायाधीश होते, पण आपण निवृत्त झालो आहोत हे त्यांना कुणी लेखी कळवलं नसावं.

मामा रिकामी खुर्ची दिसली तिथे बसले. खुर्ची पिंजऱ्यात होती.

कर्णा गरजला, “तुम्हाला उकडतं का?”

“उकडतं की.”

“उकडलं की पंखा हवासा वाटतो?”

“कुणाला नाही वाटत?”

“हेतू सिद्ध! गळ्यात टेप कशाला?”

“मापं घ्यायला.”

“छताची?”

“अहो, गिऱ्हाइकांची! आणि साहेब, चोरी कसली? पंखा हा काय, डोक्यावर फिरतोय!”

सगळ्या सभागृहाने माना वर केल्या. पंखा फिरत होता. नुसता फिरत नव्हता, कर्ण्याचे कागद उडवत होता.

“आरोपीने वर पाहून न्यायालयावर दबाव आणू नये,” संचालक म्हणाले.

पुटपुटी उठली. “साहेब... पंखा...”

“पंखा पुराव्यात दाखल आहे?”

“नाही. पण दिसतोय.”

“वकीलबाई, दिसणं वेगळं आणि दाखल असणं वेगळं. हे पहिल्या धड्यात झालंय.”

पुटपुटीने दिलगिरी व्यक्त केली. त्याबद्दल तिला शिष्टाचाराचे पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि मामांना सहा महिने.

हवालदाराने निकालावरचा शिक्का न्याहाळला आणि मामांचं बखोट धरलं.

“मामा, घाबरू नका, हे सगळं खोटं आहे!”

“मग खोटं आहे तर सोडायला सांग ना गं बाई!”

खोट्या निकालातून खरा माणूस कसा सोडवायचा, हा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

घरी मामींनी तिला दारातच अडवलं. “माणूस गाऊन द्यायला गेला. गाऊन घरी आला, माणूस आला नाही. आता तोंड उघड आणि घेऊन ये त्याला!”

पुटपुटीने तोंड उघडलं. वरच्या कोर्टात ती अशी कडाडली, की शेजारच्या दालनातल्या एका आरोपीने घाबरून गुन्हा कबूल केला. “पंखा जागेवर आहे, साहेब! चोरी झालेलीच नाही!”

न्यायाधीश प्रभावित झाले. “मग दाखल करा की पंखा.”

ती सभागृहात शिडी घेऊन गेली, पंखा उतरवला, मामींच्या चादरीत गुंडाळला आणि कोर्टाच्या टेबलावर आणून ठेवला. न्यायाधीशांनी पात्याला बोट लावून पाहिलं.

“हा तोच?”

“तोच!”

“म्हणजे सभागृहात आता पंखा नाही?”

“आत्ता... नाही.”

“आणि सापडला तुमच्याकडे.”

“मुद्देमाल हस्तगत!” इथेही सरकारी बाजूने उभा असलेला कर्णा ओरडला.

मामा सन्मानाने बाहेर आले आणि त्यांच्या जागी भाची आत गेली. “अहो साहेब, मला परत आत घ्या, पोरीला सोडा!” मामा हात जोडून म्हणाले. पण आरोपींची अदलाबदल करण्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. न्यायाधीश दयाळू होते. ते म्हणाले, “सराव खटल्याच्या वेळी पंखा जागेवर होता, असं सांगणारा एक साक्षीदार आणा. बाईंना सोडतो.”

एकच! सभागृह तर गच्च भरलेलं होतं. मामा दारोदार फिरले. एक जण म्हणाला, त्या वेळी मी खाली पाहत होतो. दुसऱ्याची मान धरली होती. तिसरे गृहस्थ प्रामाणिक होते. “वारा लागत होता खरा,” ते म्हणाले, “पण वारा कुठून येतो याची चौकशी मी करत नाही.” संचालकांनी भाचीच्या वक्तृत्वाचं तोंडभरून कौतुक केलं आणि दार लावून घेतलं.

आता उरलात तुम्ही. पंखा फिरत होता हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. इतका वेळ त्यावरच तर हसत होतात. सुनावणी सोमवारी आहे. मामा तुमच्या गल्लीत शिरलेत, घरं विचारत येताहेत. बेल वाजली की आतल्या खोलीतून हळूच म्हणायचं असतं, “घरात नाहीत म्हणून सांग.” एवढं एक कौशल्य मात्र आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.