वारुळावरून बोलणारे वासुदेवभाऊ

वासुदेवभाऊंना रिकामी जमीन बघवत नसे. दवाखान्यात डॉक्टरांची वाट पाहत बसलेले असताना त्यांनी बाहेरच्या कुंड्यांत मेथी टाकलेली मी स्वतः पाहिली आहे. बी खिशात असायचंच. आमच्या अंगणात मी दोरी लावून शेवंतीच्या ओळी केल्या होत्या. एका सकाळी पाहते तर दोन ओळींच्या मधे कोथिंबीर. विचारलं, तर म्हणाले, "जागा उगीच बसून होती, वहिनी. तिले काम देल्लं."

मुलांनो, तुम्ही त्यांना लहानपणी पाहिलेलं आहे. भाजीच्या पिशव्या घेऊन यायचे ते उंच आजोबा. तुमच्या आजोबांचे हे मामेभाऊ. बाळापूरला त्यांचा भाजीचा मळा. मूलबाळ नव्हतं, आणि बायको, शांता, चार वर्षांपूर्वी गेली. पुढे मळा पुतण्या बघू लागला. पोरगा चांगला, पण तो आदराने म्हणायचा, "काका, तुमी बसा." वासुदेवभाऊंना बसता येत नसे.

एक दिवस ते अकोल्याच्या कृषी प्रदर्शनातून थेट आमच्याकडे अमरावतीला आले. हातात एक कागद. आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका खेड्यात राहून भाजीपाला शिकवणारी अनुभवी माणसं एका संस्थेला हवी होती. दोन वर्षं. पगार नाही.

"अर्ज भरून द्या," म्हणाले, "अन् इंग्रजी शिकवा थोडंसं."

तेव्हा त्यांचं वय बासष्ट. मी वेळापत्रक आखलं. सोमवारी नामं, मंगळवारी क्रियापदं. पहिल्याच सोमवारी त्यांनी वही मिटली. "नाव काय, गाव काय, हे काहून शिकून राहिलो मी? कोबी सडला त काय म्हनाचं, ते सांगा." तीन महिन्यांनी ते निघाले तेव्हा त्यांना जेवढं इंग्रजी येत होतं, त्यातलं निम्मं किडींबद्दल होतं.

विमानतळावर मेथीची पुडी काढून घेतली, त्याचा राग त्यांच्या मनात बरेच दिवस होता.

त्या गावात फोन लागायचा तो फक्त एका पुरुषभर उंच वारुळावर. दर रविवारी दुपारी फोन येई. "वहिनी, वारुळावरून बोलून राहिलो." चढण्याआधी ते वारुळाला हात जोडत. लोक बघत. महिनाभरात आणखी दोघेतिघे हात जोडून चढू लागले. पाहुणा जोडतो म्हणजे काहीतरी असेल.

शेजारच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. तिकडे आजीला गोगो म्हणतात, म्हणून वासुदेवभाऊही गोगो म्हणत. मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी, हे त्यांचं रोजचं जेवण तिच्याकडे. "भाजीत दान्याचा कूट घालते, वहिनी. म्हनलं, आपन त आपल्याच मानसात आलो." बोलायची अडचण नव्हती. हे वऱ्हाडी बोलत, ती तिचं बोले, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटे.

सहा महिन्यांनी संस्थेचे साहेब येऊन, गावच्या बायांना शिकवत लावलेली भाजीची बाग पाहणार होते. बाग जमली तर राहायचं, नाहीतर परत.

दिवाळी झाली आणि वासुदेवभाऊंनी वाफे काढले. थंडी लागली की कोबी-टमाटे, हे चाळीस वर्षं हातात बसलेलं. गावच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पण सगळ्या आल्या. गोगोही आली. सात दिवस सगळ्यांनी मिळून रोपं लावली; त्याच दिवसांत पहिला पाऊस आला, आणि पुढे तो रोपांवर कोसळतच राहिला. तिकडचा पावसाळा तेव्हाच सुरू होतो. कोबी सडला, टमाटे काळे पडले.

"दिवाळीले पानी, वहिनी. असं कुठं रायते का?"

माझ्या वेळापत्रकात भूगोल नव्हता.

पुढच्या एका रविवारी त्यांचा आवाज बसलेला होता. "सगळ्याईचा मका कमरेले लागला. गोगोचा गुडघ्याइतका बी नाई. पयल्या पान्यावर टाकाचा असते मका. बाकीच्याईच्या घरी दुसरे हात होते, थे एकटीच. तेच सात दिवस माह्या वाफ्यात राबली." मग म्हणाले, "माहीत होतं त्याईले. म्हाताऱ्याले वाईट वाटन म्हून कोनी बोललं नाई."

त्यांनी मला साहेबांसाठी इंग्रजी पत्र लिहायला सांगितलं. चूक सगळी आपली, बायांनी मेहनत केली, एवढंच. मी लिहिलं, 'हवामानाचा परिचय नसल्यामुळे', आणि त्याचा अर्थ त्यांना मराठीत सांगितला.

"परिचय गिरिचय नको. मूर्खपना लिवा."

मी नाइलाजाने लिहिलं. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण असं पत्र कधी लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी गोगोच्या वावरात निंदायला जाऊ लागले. साहेब आले, त्यांनी सडलेले वाफे पाहिले, पत्र वाचलं. म्हणाले, इथली थंडी मे-जूनमध्ये येते, तेव्हा पुन्हा करून बघा. नाहीतर तिकीट काढून देतो. तुमची मर्जी, पंधरा दिवसांत कळवा.

हे ऐकताच मी वरच्या खोलीत गादी घातली. रविवारी त्यांना म्हटलं, "आता पुरे झालं. मळा नको असेल तर आमच्याकडे या. अंगण आहे, पाहिजे तिथे मेथी टाका, मी काही बोलणार नाही."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि त्यातून कोणा बाईचा आवाज. चढलेला, एकसारखा.

"कोण ओरडतंय?"

"गोगो. वारुळाखाली उभी हाये. जेवन थंडं झालं म्हून बोलून राहिली. परवा निंदन वाकडं केलं म्हून बोलली. रोजचंच हाये."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"घेतो ना." मग जरा हळू म्हणाले, "शांता गेली तवापासून, वहिनी, मले उशीर झाला हे कोनाले समजतच नोतं."

आणि "येतो वं, येतो," असं पलीकडे वऱ्हाडीत ओरडून त्यांनी फोन ठेवला.

वरच्या खोलीतली गादी मी तशीच राहू दिली आहे. तुमच्यापैकी कोणी आलं तर लागेल.